आधी लिहून घे

आमच्या घरात तीन पिढ्यांनी दुसऱ्याची वाईट बातमी पोचवायचं काम केलं. आजोबांनी ते पायी चालत केलं, काकांनी वायरलेसवर बसून केलं आणि आता काकांची नात, म्हणजे माझी भाची, कानाला हेडफोन लावून करते. सांगावा आणणाऱ्यालाच बोल लावायची आपल्याकडची रीत जुनी. ती तिघांनीही सोसली.

आजोबा निजामाच्या राज्यात दुधनेच्या काठच्या एका गावचे येसकर. वेशीची राखण करायची, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, मयतीचा सांगावा सोयऱ्यांच्या गावी न्यायचा आणि गावात चोरी, मारामारी, खून असं काही घडलं की ठाण्यात वर्दी द्यायची. बदल्यात बलुतं आणि घरोघरची शिळी भाकर. गावाला पाटील दोन होते, वसुली बघणारा माली पाटील आणि बंदोबस्त बघणारा पोलीस पाटील. पोलीस पाटील सांगेल ते आजोबांनी पाठ करायचं, रातोरात कोस कोस तुडवत जायचं आणि ठाण्याच्या अमिनापुढं, म्हणजे फौजदारापुढं, हात जोडून म्हणून दाखवायचं. ठाण्याचं दप्तर सगळं उर्दूत. आपण सांगितलं त्यातलं किती कागदावर गेलं आणि किती वाऱ्यावर, हे आजोबांना जन्मभर कळलं नाही.

एकदा गावातल्या सावकाराचं घर फुटलं. आजोबा रात्रीच निघाले आणि झुंजूमुंजू व्हायला ठाण्यात पोचले. अमिनानं पहिला सवाल केला, ‘‘इतक्या रात्री तुला रे कसं कळलं?’’ खबर देणारा पहिला संशयित, हा तेव्हाचा सरधोपट तपास. दोन दिवस बसवून ठेवलं, तळपायांवर वेत मारले, मग सोडून दिलं. चोर सापडले नाहीत ते नाहीतच. आजोबा ही गोष्ट आम्हा लेकरांना हसत हसत सांगायचे. आजी मात्र हसत नसे. ती चुलीपुढूनच म्हणायची, ‘‘वर्दी द्यावी, पण नाव सांगू नाही.’’ त्यावर आजोबांचं उत्तर ठरलेलं, ‘‘येसकराला नाव कुठं असतंय?’’

1948 साल आजोबांच्या बोलण्यात वेगळ्याच सुरात यायचं. कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. रझाकारांचा सालार आणि ठाण्याचा अमीन एकाच बाजेवर बसून चहा पिताना आजोबांनी पाहिले होते. ‘‘मग वर्दी कोणाला द्यायची?’’ असं विचारून ते गप्प बसायचे. त्या काळात हैदराबादेतून शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक काढायचा. मुसलमान असून त्यानं रझाकारांविरुद्ध लिहिलं, हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं छापलं. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचा लिहिता हात तोडला. आजोबांना हे पुष्कळ उशिरा, स्वातंत्र्यसैनिकांच्या भाषणांतून कळलं. ते म्हणायचे, ‘‘मी तोंडानं सांगायचो म्हणून तळपायावर भागलं. त्यानं लिहून ठेवलं, त्याचा हातच नेला.’’

13 सप्टेंबरला भारताचं सैन्य शिरलं आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. मराठवाड्यात तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि करायलाच हवा. पण आजीकडं त्याच्या पुढच्या आठवड्यांचीही गोष्ट होती. पारडं फिरलं आणि गावोगावच्या गरीब मुसलमानांवर सूड उगवला गेला. गावातल्या पिंजाऱ्याचं घर लुटलं तेव्हा आजोबा त्याला म्हणाले, चल, ठाण्यात वर्दी देऊ. तो म्हणाला, ‘‘काल ठाण्यात तुला कोणी बसू दिलं नाही, आज मला कोण देईल?’’ पंडित नेहरूंनी पाठवलेली सुंदरलाल समिती त्या वर्षाअखेरीस या मुलखात फिरली. हजारो माणसं मारली गेल्याचं आणि काही ठिकाणी लष्कराचे, पोलिसांचे लोकही लुटीत सामील असल्याचं तिनं लिहून दिलं. तो अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही आणि अनेक दशकं तो लोकांच्या हाती पडला नाही. छापून आलं नाही म्हणून पिंजाऱ्याचं लुटलेलं घर भरलं नाही आणि त्याच्या मनातली ठाण्याची धास्तीही गेली नाही. ती त्यानं पोरांना दिली, पोरांनी नातवंडांना.

काका पोलिसात शिपाई म्हणून भरती झाले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. ज्या ठाण्यात बापानं वेत खाल्ले त्याच खात्यात पोरगा चालला, म्हणून भावकीत कुजबुज झाली. आजोबांनी एवढंच सांगितलं, ‘‘आपण उभ्यानं सांगितलं. तू बसून लिहशील. आलेल्याला आधी बसव आणि सांगंल ते आधी लिहून घे. खरं-खोटं मागून.’’ पुढं काका बिनतारी संदेशाच्या कामाला लागले आणि तिथून मराठवाड्यातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी गेली.

नोकरी नवी असतानाच 27 जुलै 1978 उजाडला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा खून झाला तो त्याच दिवसांत. काका सांगतात, वस्त्या जळत होत्या आणि कितीतरी गावांतून फोन मुळी येतच नव्हता. येणार कुठून? गावात फोन एकच, तोही पोस्टात नाहीतर ज्यांच्या माणसांनी आग लावली त्यांच्याच वाड्यात. काही ठिकाणी ताराच तोडल्या होत्या. वरिष्ठ विचारायचे, अमुक भागात काय स्थिती? टेबलावरचा जुना माणूस सांगायचा, तिकडून काही कॉल नाही, शांत आहे. दुसऱ्या दिवशी कळायचं की तिथं राखच उरली. फोन वाजला नाही म्हणजे तिकडं सगळं ठीक आहे असं धरून चालायचं नाही, हा धडा काकांनी तेव्हा घेतला. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. तोवर काका हवालदार झाले होते आणि धडा पक्का झाला होता.

त्या काळची कंट्रोल रूम म्हणजे पोलीस अधीक्षक कार्यालयातली एक खोली. एका टेबलावर वायरलेसचा सेट, घरघर चालूच. दुसऱ्यावर 100 नंबरचा काळा फोन. भिंतीला जिल्ह्याचा नकाशा, त्यावर ठाण्यांच्या टाचण्या. आणि मधोमध जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. लहानपणी सुट्टीत गेले की काका मला ते लांबून दाखवायचे. वेळ, कोण बोललं, कुठून बोललं, काय घडलं, कोणाला कळवलं, ज्याला कळवलं त्याचं नाव, किती वाजता कळवलं. नोंद शाईच्या पेनानं, शिसपेनीला बंदी. चुकलं तर खोडायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. ‘‘कामून?’’ मी विचारलं. ‘‘कारण उद्या कोणी विचारील, आधी काय लिहिलं होतं.’’

या रजिस्टरातल्या एका ओळीनं काकांची झोप घालवली. जिल्हा आणि ठाणं सांगायचं कारण नाही. एका रात्री एका बाईचा फोन आला, शेजारच्या किराणा दुकानातून. नवरा पिऊन आलाय, भांडी फेकायलाय, पोरं घाबरलीत. काकांनी विचारलं, आत्ता काय करतोय? बाई म्हणाली, आत्ता ओट्यावर बसलाय, बिडी पिऊन राहिलाय, तुम्ही फक्त येऊन दम द्या. काकांनी होतं तसं लिहिलं, ‘नवरा सध्या ओट्यावर बसून आहे’, आणि गाडी पाठवली. दोन दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या, कोठडीत मारहाण, इसमाचा पाय मोडला. खात्याकडून लगोलग सांगितलं गेलं की तो दारूच्या नशेत आधीच पडला होता.

बाई चौकशी करत करत कंट्रोल रूमपर्यंत पोचली. तिला मारणारे माहीत नव्हते, साहेब माहीत नव्हता. तिला फक्त फोनवरचा आवाज माहीत होता. दारात उभी राहून तिनं आवाज ओळखला आणि म्हणाली, ‘‘तुमीच ना? मी दम द्यायला बोलवलं होतं. तुमी काय पाठवलं?’’ काका पुढं तीस वर्षं नोकरीत राहिले, पण यावर द्यायचं उत्तर त्यांना सापडलं नाही. त्यांनी कोणाला चापटही मारली नव्हती. पण गाडी त्यांच्याच आवाजानं गेली होती.

चौकशी लागली तेव्हा रजिस्टर मागवलं गेलं. आधीच पडला होता हे म्हणणं त्या एका ओळीपुढं टिकेना, कारण पाय मोडलेला माणूस ओट्यावर निवांत बिडी ओढत नाही. वरून सूचना झाली का, असं मी काकांना पुढं विचारलं. ते म्हणाले, ‘‘सूचना कोणी देत नाही. फक्त म्हणतात, बघा नीट आठवून, बाई तसंच म्हणाली होती का? मी म्हणलं, साहेब, आठवायचं काम नाही, लिहिलेलं आहे.’’ शेवटी बाहेरच्या बाहेर तडजोड झाली आणि प्रकरण मिटलं. काकांची लवकरच बदली झाली. बदली नेहमीचीच होती की त्या ओळीमुळं, हे त्यांनी कधी शोधलं नाही. मात्र त्या दिवसापासून एखाद्या घरगुती भांडणाचा कॉल आला की गाडी सोडताना ते वायरलेसवर आपल्या पदरचं एक वाक्य जोडत, ‘‘इसमाला सुखरूप आणा.’’ पलीकडचे हसायचे. काही चिडायचेही.

1996 च्या डिसेंबरात डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. अटक करताना पंचनाम्यासारखा मेमो करा, नातेवाइकाला कळवा, अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी करा, आणि कोठडीतल्या माणसाची खबर कंट्रोल रूमला कळवून ती तिथल्या फलकावर लावा, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. आपल्या खोलीचं नाव थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आलं, याचं काकांना फार अप्रूप वाटलं. जिल्ह्यात कोणाला धरलंय हे विचारायला आता बायाबापड्या कंट्रोल रूमला फोन करू शकणार होत्या. त्या करायच्या का? ‘‘सुरुवातीला वकीलच करायचे,’’ काका म्हणतात. ‘‘गरीब माणूस ठाण्याच्या दारातच बसून राहायचा.’’

मग ख्वाजा युनूसचं प्रकरण झालं. परभणीचा सत्तावीस वर्षांचा मुलगा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. 2 डिसेंबर 2002 ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, त्यात ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली त्याला अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये मुंबई पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादेकडं नेताना वाटेत गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याच्या बरोबरच्या आरोपीनं न्यायालयात सांगितलं की कोठडीत त्याला मारहाण होताना, रक्त ओकताना आपण पाहिलं. पुढं सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचं पुढं आलं आणि चार पोलिसांवर खटला भरला गेला. त्याचा देह कधीच सापडला नाही. परभणीत राहणारी त्याची आई न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिली. त्या चौघा पोलिसांना 2020 मध्ये पुन्हा नोकरीत घेतलं गेलं, तेव्हाही तिनं न्यायालयाचं दार ठोठावलं.

काकांचे एक दोस्त होते, स्टेशन रोडला त्यांचं सायकलचं दुकान. ते काकांकडं रोज चहाला यायचे. 2003 च्या त्या हिवाळ्यात ते यायचे थांबले नाहीत, पण बोलणं बदललं. एकदा त्यांच्या गल्लीत मोटारसायकल चोरीला गेली. काका म्हणाले, शंभरला लावायचा ना फोन. दोस्त म्हणाले, ‘‘यार, तुला सांगितलं की झालं ना. फोनवर नाव सांगावं लागतंय.’’ आजीचं वाक्य अर्ध्या शतकानंतर उर्दूमिश्रित मराठीत परत ऐकताना काकांना कसं वाटलं असेल, याचा अंदाज मला आत्ता कुठं येतो. मुंबईतल्या कोणाच्या तरी हातून घडलेल्या गोष्टीची किंमत परभणीतल्या टेलिफोनवर बसलेला माणूस मोजत होता.

आता कंट्रोल रूमचं काम पार बदललं. दिल्लीत डिसेंबर 2012 मध्ये झालेल्या अत्याचारानंतर सगळ्या देशाला एकच आपत्कालीन नंबर असावा ही मागणी जोरात आली. निर्भया निधीतून 112 उभा राहिला. महाराष्ट्रात तो 2021 मध्ये सुरू झाला. कॉल नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात लागतो. तिथली मुलगी बोलणाऱ्याचं नाव, ठिकाण, प्रकार टाइप करते, ती नोंद संगणकावरून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पडते, तिथून जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर जाते आणि गाडी निघाली, पोचली, काम झालं, अशा प्रत्येक टप्प्याची वेळ मागं उरते. काकांच्या रजिस्टरातले सगळे रकाने आता पडद्यावर गेलेत. भाची त्या कामाला आहे. तिच्या अंगावर खाकी नाही, पण फोन उचलला की पलीकडच्याच्या लेखी तीच पोलीस. एखादा परभणीकर ‘काळ्या कमानीपाशी या’ म्हणाला की तिच्या शेजारच्या मुलीला काही बोध होत नाही, ही मात्र लगेच समजते. म्हणून आपल्याकडचा माणूस अडखळायला लागला की शेजारणी हिला हाक मारतात.

10 डिसेंबर 2024 ला परभणीत रेल्वे स्टेशनसमोरच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसानं विटंबना केली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. मग पोलीस वस्त्यांमध्ये शिरले. घरांत घुसून बायामाणसांना मारल्याच्या तक्रारी झाल्या, पन्नासच्या आसपास लोक धरले गेले. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा पस्तीस वर्षांचा विद्यार्थी होता, वडार समाजातला. दोन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी आणि 15 डिसेंबरला मृत्यू. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात शवविच्छेदन झालं. अनेक जखमांमुळं बसलेल्या धक्क्यानं मृत्यू, असं प्राथमिक मत पडलं. नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की पोलिसांनी मारहाण केली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता.

निवृत्त काका अशाच एका वस्तीत राहतात. त्या दिवसांत सगळी गल्ली त्यांच्या ओसरीवर पेपर वाचायला जमायची आणि वाचून झालं की त्यांच्याकडं बघायची. कोणी तोंडावर काही बोललं नाही. चाळीस वर्षं याच गल्लीतल्या पोरांच्या नोकरीचे, पासपोर्टचे, व्हेरिफिकेशनचे फॉर्म त्यांनी भरून दिले होते, तेवढी लाज लोकांनी राखली. एका रात्री शेजारच्या सुनेनं दार वाजवलं. सासूला धाप लागली होती. हातात मोबाइल, त्यावर 108 दाबलेला, पण हिरवं बटण दाबायच्या आधी ती विचारायला आली होती, ‘‘काका, हा नंबर दवाखान्याचाच ना? याच्यावर पोलीस तर येत नाहीत ना?’’ काकांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतः बोलले. पत्ता, वय, त्रास, कधीपासून. सवयीनं सगळं क्रमानं. ॲम्ब्युलन्स आली, सासू वाचली. काका रात्रभर ओसरीवरच बसले.

तिकडं भाचीचा अनुभव दुसराच. संतापलेले लोक तिला नवे नाहीत. दारुडे, थट्टेखोर, नुसतेच श्वास घेणारे, सगळे तिच्या पाठ आहेत. पण बातम्या टीव्हीवर सुरू होत्या त्या दिवसांत मदत मागता मागता मधेच थांबणारे लोक भेटू लागले, असं ती म्हणते. सुरुवात नीट व्हायची, ताई, इथं मारामारी चाललीय. हिनं विचारायचं, आपलं नाव? की पलीकडं शांतता. मग, ‘‘सांगायलाच पाहिजे का?’’ शिव्या देणाऱ्याचा कॉल संपला की ती पाणी पिऊन पुढचा घ्यायची. या थांबणाऱ्यांचा आवाज मात्र तिच्या कानात राहायचा, कारण फोन ठेवल्यावर त्या मारामारीचं काय झालं हे तिला कळणार नव्हतं. आपण परभणीच्या, हे तिनं केंद्रात काही दिवस सांगितलंच नाही. आणि आपण कुठं काम करतो, हे गावाकडं सांगितलं नाही. तिची आई लग्नाच्या बोलण्यात नुसतं ‘कॉल सेंटरला आहे’ म्हणायची.

मी शाळेत शिकवते, पुस्तकी माणूस. अशा गोष्टींचा कोणी अभ्यास केला असेल का म्हणून शोधत गेले तर अमेरिकेतलं मिलवॉकी शहर हाती लागलं. तिथं 2004 मध्ये फ्रँक ज्यूड नावाच्या माणसाला ड्युटीवर नसलेल्या पोलिसांनी बेदम मारलं आणि फेब्रुवारी 2005 मध्ये तिथल्या वर्तमानपत्रानं ते उघड केलं. मॅथ्यू डेस्मंड आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी 2016 मध्ये असा निष्कर्ष मांडला की त्या बातमीनंतर वर्षभरात 911 या तिथल्या आपत्कालीन नंबरला सुमारे 22 हजार कॉल कमी आले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून. पुढं 2020 मध्ये मायकेल झूरोब यांनी तोच हिशेब पुन्हा तपासला आणि हा निष्कर्ष पक्का नाही म्हणून आक्षेप घेतला. मूळ लेखकांनी त्यालाही उत्तर दिलं. वाद मिटलेला नाही.

हे मी काकांना वाचून दाखवलं. मला वाटलं, त्यांना 22 हजारांच्या आकड्याचं नवल वाटेल. त्यांनी विचारलं, ‘‘आन बातमी आली नसती तर? लोकांना कळत नव्हतं का?’’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते म्हणाले, ‘‘वस्तीला पेपरातून कळत नाही. वस्तीला पाठीवरून कळतं. पेपर वाचून कळतं ते बाकीच्या गावाला.’’ बातमीमुळं खात्याची बदनामी होते, लोक फोन करत नाहीत, मग गुन्हे वाढतात, असा युक्तिवाद काकांनी नोकरीभर ऐकला. त्यांचा अनुभव उलटा. पिंजाऱ्याची बातमी कुठंच आली नव्हती, तरी त्याची पिढ्यान्‌पिढ्या ठाण्याशी बोलाचाल तुटली. ओट्यावरच्या माणसाची बातमी आली, चौकशी लागली, ओळ टिकली, तेव्हा त्या मोहल्ल्यातून फोन येणं बंद पडलं नाही. काही महिन्यांनी त्याच बाईचा पुन्हा फोन आल्याचं काकांच्या जागी आलेल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं. या वेळी तिनं आधी विचारलं होतं, लिहून घेताय ना?

म्हणून मला वाटतं, फोनवर बसणाऱ्या माणसाचं ओझं बातमीनं वाढतं ते थोडं, आणि बातमीनंतर खातं जे बोलतं त्यानं वाढतं ते फार. झालं ते झालं, आम्ही तक्रार घेतली, तपास दुसऱ्याकडं दिला, असं परभणीत पहिल्या आठवड्यात कोणी म्हणालं असतं तर भाचीच्या पलीकडची शांतता इतकी लांबली नसती. घडलं भलतंच. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांच्या मारहाणीवर बोट ठेवलं गेलं, तरी गुन्हा दाखल होईना. सोमनाथची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. बाळासाहेब आंबेडकरांनी तिची बाजू मांडली. 4 जुलै 2025 ला न्यायालयानं आठवडाभरात गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 जुलैला तिथंही हरलं. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घेणं बंधनकारक आहे, हे त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 लाच सांगून ठेवलं होतं. कोठडीत पोरगा गमावलेल्या आईची खबर वहीत उतरायला मृत्यूपासून साडेसात महिने लागले.

निकालाची बातमी आली त्या दिवशी भाची सुट्टीवर घरी होती. काकांनी पेपर तिच्यापुढं टाकला आणि विचारलं, ‘‘तुमच्याकडं कॉल आला की नोंद व्हायला किती वेळ लागतोय?’’

‘‘आबा, बोलता बोलताच होते. मी टाइप केल्याशिवाय कॉल पुढं जातच नाही.’’

‘‘समोरचा खोटं बोलत असला तर?’’

‘‘ते गाडी जाऊन बघते. माझं काम लिहून घ्यायचं.’’

काका माझ्याकडं वळले आणि म्हणाले, ‘‘बघ. हिला विशीत कळलंय. कोर्टाला दोनदा सांगावं लागलं ते यांना.’’

भाची परत गेली. आता ती आपलं गाव विचारणाऱ्याला परभणी असंच सांगते आणि आईलाही तिनं बजावलंय की पाहुण्यांपुढं 112 म्हण. तिचं मागणं फारसं मोठं नाही. बातम्या थांबवा असं ती म्हणत नाही. शेजाऱ्याविरुद्धची तक्रार तिच्या पडद्यावर ज्या वेगानं चढते त्याच वेगानं पोलिसाविरुद्धची ठाण्यात चढावी, एवढंच तिला हवं. मग पलीकडचा ‘नाव सांगायलाच पाहिजे का’ म्हणाला तर तिला सांगता येईल, सांगा, तुमचं नाव लिहिलेलं असेल तर उद्या कोणाला ते नाकारता येणार नाही. आज हे वाक्य ती बोलत नाही, कारण ते खरं आहे याची तिला खात्री नाही आणि फोनवर ती खोटं बोलत नाही.